तारा निघाल्या, तरी दात सरकतातच!

दातांवरच्या तारा निघतात, तो दिवस घरातल्या लहानशा सणासारखा असतो. दीड-दोन वर्षे चकली, चिक्की आणि उसापासून दूर राहिलेली मुले दवाखान्यातल्या आरशासमोर पुन्हा पुन्हा हसून पाहतात. पालक मनातल्या मनात खर्चाचा हिशेब मिटवितात. निघताना डॉक्टर प्लास्टिकची एक डबी हातात देतात आणि त्यातला रिटेनर न चुकता लावण्यास सांगतात. त्या आनंदात ही सूचना अर्धवटच ऐकली जाते. काही महिने डबी उशाशी राहते. मग बारावीचे वर्ष, प्रवेशाची धावपळ, परगावचे वसतिगृह असे करीत ती कपाटाच्या तळाशी जाते. पाच-सात वर्षांनंतर एके सकाळी दात घासताना खालच्या ओळीतला एक दात शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला दिसतो.

मग दोष कुणाचा, याचा शोध सुरू होतो. डॉक्टरांचे काम कच्चे होते, असे कुणी म्हणते. कुणी अक्कलदाढेकडे बोट दाखविते. आई मुलाला बोल लावते. दंतवैद्यकाने या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी शोधले आहे आणि ते यांपैकी कुणालाही पुरते सोयीचे नाही. तारा दातांना हलवितात, ओळीत आणतात. नव्या जागी टिकविण्याचे काम मात्र तारा निघाल्यानंतर सुरू होते. त्या कामाला ठरावीक मुदत नाही, ही गोष्ट उपचारांच्या पहिल्याच दिवशी सांगितली जायला हवी. ती बहुधा शेवटच्या दिवशी सांगितली जाते.

झोळीतला दात

दात जबड्याच्या हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा पक्का बसलेला असतो, हा समज सार्वत्रिक आहे. परंतु तो चुकीचा आहे. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा एक तंतुमय थर असतो. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. या थरातल्या असंख्य तंतूंनी दात हाडाच्या खोबणीत टांगलेला असतो. झोळीत बाळ असावे, तसा. घास चावताना येणारा दाब हे तंतू झेलतात. भातात खडा लागताच जबडा जागच्या जागी थांबतो, ती संवेदनाही मुख्यत्वे याच थरातून मिळते.

तारांचे सारे शास्त्र या थरावर उभे आहे. तारेने दातावर हलका, पण सतत दाब दिला, की ज्या दिशेला दात ढकलला जातो, त्या बाजूचे हाड विरघळू लागते आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवे हाड तयार होते. हाड खाणाऱ्या आणि हाड घडविणाऱ्या पेशी एकाच वेळी काम करीत असतात. दात अशा रीतीने महिन्याला सर्वसाधारणपणे एक मिलिमीटर सरकतो. उपचारांना दीड-दोन वर्षे लागतात, ती यामुळेच. घाई केली, जोर वाढविला, तर मुळांना इजा होण्याची शक्यता असते.

तारा काढल्या जातात, त्या दिवशी दात ओळीत दिसत असले, तरी त्यांच्या भोवतालची रचना स्थिरावलेली नसते. मुळाभोवतीचा थर रुंदावलेला असतो, नवे हाड कोवळे असते, दात किंचित हलतातही. या थरातले तंतू नव्या जागेनुसार पुन्हा विणले जाण्यास साधारण तीन ते चार महिने लागतात. हिरडीतल्या तंतूंना त्याहून अधिक वेळ लागतो. हाडाच्या वर, दाताच्या मानेभोवती हिरडीत जे तंतू असतात, ते तर सर्वांत हट्टी. नॉर्वेचे संशोधक कारे राइटान यांनी १९५० च्या दशकात कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग केले. वळविलेला दात नव्या स्थितीत धरून ठेवल्यानंतर २३२ दिवसांनीही हे तंतू ताणलेलेच असल्याचे त्यांना आढळले. ताणलेले रबर सोडल्यावर जे करते, तेच हे तंतू करू पाहतात. मूळचा वाकडा वळलेला दात सरळ केला असेल, तर तो पुन्हा वळण्याचा धोका अधिक असतो, त्याचे कारण हेच. वरच्या दोन पुढच्या दातांमधली फट बंद केली असेल, तिथेही जपावे लागते.

यात ओठ, गाल आणि जीभ यांची भर पडते. दात जिथे उभा असतो, तिथे बाहेरून ओठ-गालांचा आणि आतून जिभेचा दाब त्याच्यावर येत असतो. सुपारी फोडताना दातावर येणारा जोर यापेक्षा कितीतरी मोठा. पण तो क्षणभराचा असतो. दाताची जागा ठरविण्यात जोर किती, यापेक्षा तो किती काळ टिकतो, याला अधिक महत्त्व असते. म्हणूनच विश्रांतीच्या वेळी जीभ दातांवर रेलून राहण्याची सवय, तोंडाने श्वास घेणे किंवा सुटलेला अंगठा चोखणे पुन्हा सुरू होणे, या गोष्टी उपचारांवर हळूहळू पाणी फिरवू शकतात. वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, अशा जबड्यांत तर या सवयींकडे आधी पाहावे लागते.

सिएटलमधले साचे

हिरडीचे तंतू वर्षभरात स्थिरावतात, असे मानले, तर वर्षानंतर रिटेनर फेकून द्यायला हरकत नसावी. एके काळी डॉक्टरही साधारण असेच मानीत. वर्ष-दोन वर्षे रिटेनर, आणि मग सुटका. या विश्वासाला सर्वांत मोठा धक्का अमेरिकेतील सिएटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने दिला.

तेथील ऑर्थोडॉन्टिक्स विभागाने जुन्या रुग्णांच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे वर्षानुवर्षे जपून ठेवले होते आणि त्या रुग्णांना पुन्हा बोलावून नवे साचे घेतले जात. उपचारांपूर्वीचे, तारा काढल्या त्या वेळचे आणि रिटेनर सोडल्यानंतर अनेक वर्षांनीचे, असे एकाच माणसाचे दात शेजारी शेजारी ठेवून मोजता येत होते. मोजण्यासाठी फुटपट्टीही तिथलीच होती. रॉबर्ट लिटल यांनी १९७५ मध्ये एक निर्देशांक सुचविला होता. खालच्या पुढच्या सहा दातांमध्ये शेजारी दात एकमेकांना टेकण्याच्या पाच जागा असतात; त्या जागा आपल्या नेमक्या ठिकाणापासून किती मिलिमीटर ढळल्या, याची बेरीज म्हणजे हा निर्देशांक. शून्य म्हणजे आदर्श ओळ; साडेतीन मिलिमीटरपर्यंतचा वाकडेपणा चालण्याजोगा.

लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ६५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सर्वांच्या चार उपदाढा काढून, जागा करून, दात ओळीत आणलेले होते. रिटेनर सोडून किमान दहा वर्षे झाल्यानंतर त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश रुग्णांचे खालचे पुढचे दात समाधानकारक स्थितीत होते. १९८८ मध्ये याच संग्रहातील ३१ रुग्णांची वीस वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या दशकात दात सरकण्याचा वेग मंदावला होता, पण सरकणे थांबले नव्हते. वीस वर्षांनंतर समाधानकारक ओळ उरली होती, ती फक्त दहा टक्के रुग्णांत.

हे रुग्ण विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी उपचार केलेले होते. कच्च्या हाताचा प्रश्न नव्हता. याहून अस्वस्थ करणारा भाग पुढेच होता. कुणाचे दात टिकतील आणि कुणाचे ढळतील, हे आधी ओळखता येते का, हे संशोधकांनी तपासले. उपचार सुरू करतानाचे वय, मुलगा की मुलगी, जबड्याची ठेवण, रिटेनर किती काळ वापरला, मूळचे दात किती वाकडे होते, यांपैकी कशावरूनही खात्रीचे भाकीत करता येईना. ओळ कायम हवी असेल, तर रिटेनरही कायम हवा, हा लिटल यांचा निष्कर्ष त्यातून आला. जगभरातील ऑर्थोडॉन्टिस्ट आज रिटेनर ‘जन्मभर’ असे जे सांगतात, त्यामागे या साच्यांचा मोठा वाटा आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. वीस वर्षांनी वाकडे झालेले हे सारे दात आपल्या ‘मूळ जागी’ परतले होते, असे नाही. सिएटलच्याच सिंक्लेअर आणि लिटल यांनी १९८३ मध्ये कधीही तारा न लावलेल्या, चांगल्या दातांच्या ६५ जणांचा बालपणापासून तारुण्यापर्यंतचा अभ्यास मांडला. त्यांच्याही खालच्या जबड्यातली दातांची कमान आखूड होत गेली, सुळ्यांमधले अंतर घटले आणि पुढचे दात थोडे दाटीवाटीने बसू लागले. म्हणजे कमान आखूड होणे, हा वयाचाही धर्म आहे. खालचा जबडा किशोरवयानंतरही थोडा थोडा वाढत राहतो आणि पुढे सरकताना खालचे दात वरच्या दातांच्या आणि ओठांच्या आत अडतात. दात आयुष्यभर किंचित पुढच्या दिशेने वाहत असतात, ते वेगळेच. केस पांढरे होतात, चष्मा लागतो, तशी खालच्या दातांची दाटी वाढते. तारा लावलेल्या माणसाला ती बोचते इतकेच, कारण त्याने सरळ दातांसाठी पैसे आणि दोन वर्षे मोजलेली असतात.

खालच्या पुढच्या चार पटाशीच्या दातांकडे आधी लक्ष द्यावे, असे सांगितले जाते, ते यामुळे. ते सर्वांत लहान, त्यांची मुळे बारीक आणि जागा सर्वांत अडचणीची. सुळ्यांमधले अंतर उपचारांत ओढून वाढविले असेल, तर ते पुन्हा आक्रसण्याकडे कल असतो आणि त्याची किंमत मधल्या दातांना मोजावी लागते.

अक्कलदाढेवरचा आळ

दात सरकले, की पहिला संशय अक्कलदाढेवर घेतला जातो. मागून येणारी दाढ जागेसाठी धक्का देते आणि गर्दीच्या लोकलमध्ये दारातला माणूस चेपावा, तसे पुढचे दात चेपले जातात, हे चित्र पटण्याजोगे आहे. अक्कलदाढ येण्याचे वय आणि खालचे दात सरकण्याचे वय बरेचसे जुळते, त्यामुळे संशय अधिकच बळावतो. मात्र, अक्कलदाढा जन्मतःच नसलेल्या माणसांचेही खालचे दात सरकतात.

ब्रिटनमध्ये हॅराडीन, पिअरसन आणि टॉथ यांनी याची रीतसर परीक्षा घेतली. तारांचे उपचार संपलेल्या काही तरुणांच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या. कुणाच्या काढायच्या, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने ठरविले. काही वर्षांनंतर दोन्ही गटांतील पुढच्या दातांच्या दाटीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालाचा निष्कर्ष असा, की पुढचे दात सरकू नयेत, एवढ्याच कारणासाठी अक्कलदाढ काढणे समर्थनीय नाही. दाढ अर्धवट उगवून वारंवार सुजत असेल, किडली असेल, शेजारच्या दाढेला इजा करीत असेल, तर ती काढण्याची कारणे स्वतंत्र आहेत. परंतु केवळ ओळ टिकावी म्हणून दाढ काढायला कुणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यास हरकत नाही.

रिटेनर कोणता?

रिटेनरचे ढोबळ प्रकार तीन. गुलाबी किंवा रंगीत अ‍ॅक्रिलिकची टाळूला बसणारी पट्टी आणि पुढच्या दातांवरून जाणारी तार, हा जुना आणि भक्कम प्रकार. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स हॉली यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि शंभर वर्षांनंतरही वापरात आहे. दुसरा, पारदर्शक प्लास्टिकचा, दातांवर टोपीसारखा बसणारा. तिसरा म्हणजे दातांच्या मागच्या बाजूला, बहुधा एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, कायमची चिकटविलेली बारीक तार.

यांत सर्वांत चांगला कोणता, याचे एका वाक्यात उत्तर नाही. ब्रिटनमध्ये ३९७ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पारदर्शक रिटेनरने सहा महिन्यांच्या काळात, विशेषतः खालचे पुढचे दात, हॉलीच्या पट्टीपेक्षा थोडे अधिक चांगले धरून ठेवले. तथापि, कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये ४७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अमुक एक रिटेनर निर्विवादपणे श्रेष्ठ, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा हाती लागला नाही. त्यामुळे निवड रुग्ण पाहून करावी लागते. विसराळू मुलाला काढता-घालता येणारा उत्कृष्ट रिटेनर देऊन उपयोग नाही. डबीतला रिटेनर दात धरून ठेवीत नाही.

चिकटविलेल्या तारेला विसरण्याचा धोका नसतो, पण तिच्या स्वतःच्या तक्रारी आहेत. खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू ही तोंडातली सर्वाधिक कीटण साठण्याची जागा, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. त्यात तार आली, की साफसफाई अवघड होते. दातांमधून घालायचे बारीक ब्रश वापरावे लागतात आणि ठरावीक काळाने दवाखान्यात दात साफ करून घ्यावे लागतात. कणीस, पेरू, उसाचे कांडे पुढच्या दातांनी तोडले, तर तारेचा एखादा टाका सुटतो. पाच दातांवर तार चिकटलेली आणि सहावा मोकळा, अशी स्थिती महिनोन् महिने लक्षातच येत नाही; मोकळा झालेला दात तेवढ्यात आपली वाट धरतो. क्वचित याहून विचित्र प्रकार घडतो. तार शाबूत असते, टाके शाबूत असतात आणि तरीही एखादा दात पिळवटत जाऊन त्याचे मूळ हाडाबाहेर डोकावू लागते. अशा घटनांच्या नोंदी युरोपातील डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध केल्या आहेत. म्हणून ‘तार चिकटविली आहे, आता काळजी नाही’ असे म्हणून चालत नाही. वर्षातून एकदा तरी ती तपासून घ्यावी लागते.

काढता-घालता येणारा रिटेनर किती तास लावायचा, हे ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांनीच ठरवायचे. सर्वसाधारण पद्धत अशी, की पहिले काही महिने अधिक तास आणि नंतर केवळ रात्री. जेवताना तो काढायचा, चहा-सरबतही तो काढूनच घ्यायचे. गोड पेय रिटेनरच्या आत साचले, की दात किडण्यास निमंत्रण मिळते. धुताना साधे थंड पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. पारदर्शक रिटेनर गरम पाण्यात उकळून ‘निर्जंतुक’ करण्याचा उत्साह त्याचा आकारच बिघडवून टाकतो. रिटेनर हरविण्याची सर्वांत हमखास जागा मात्र हॉटेलचे टेबल आहे. कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर वेटरबरोबर कचऱ्यात जातो. डबी बरोबर बाळगणे, हा त्यावरचा एकच उपाय.

सरकलेच, तर...

रिटेनर काही दिवस राहून गेला आणि पुन्हा लावताना घट्ट वाटला, तर ती पहिली सूचना समजावी. तो पूर्ण बसत असेल आणि केवळ ताण जाणवत असेल, तर अधिक तास वापरल्यावर तो पुन्हा सैलावतो, कारण दातांनी नुकतीच कुठे चुळबुळ सुरू केलेली असते. तो अर्धवटच बसत असेल, तर मात्र जोराने दाबू नये. असा रिटेनर मोडतो किंवा दातांवर भलत्याच दिशेने दाब देतो. हरविला किंवा मोडला असेल, तर पुढच्या सुटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे. तारा नुकत्याच निघाल्या असतील, तर काही आठवड्यांतही फरक पडू शकतो. नव्या रिटेनरचा खर्च पुन्हा तारा लावण्याच्या खर्चाच्या मानाने फारच थोडा असतो.

दोन-तीन दात सरकले असतील, तर बहुतेक वेळा पूर्वीसारखी दोन वर्षे काढावी लागत नाहीत. केवळ पुढच्या दातांवर काही महिने तारा लावून किंवा पारदर्शक अलायनरच्या साहाय्याने ते ओळीत येऊ शकतात. जागा कमी पडत असेल, तर दातांच्या कडा अगदी थोड्या, प्रत्येक बाजूने साधारण पाव मिलिमीटरपर्यंत, घासून ती केली जाते. योग्य प्रमाणात केल्यास त्याने दात कमकुवत होत नाहीत. फार वळलेल्या दातांसाठी आणखी एक जुनी युक्ती आहे. अमेरिकेतील जॉन एडवर्ड्स यांनी १९७० च्या सुमारास, दाताच्या मानेभोवतीचे ते हट्टी तंतू जागा बधिर करून बारीक छेदाने सोडविण्याची पद्धत मांडली. दीर्घकाळाच्या पाहणीत तिचा उपयोग वळलेल्या दातांना, त्यातही वरच्या दातांना, अधिक होत असल्याचे दिसले. छोटी शस्त्रक्रिया आहे; पण ती रिटेनरची जागा घेत नाही. दुसऱ्यांदा सरळ केलेल्या दातांनाही रिटेनर लागतोच.

थोडी दाटी तशीच ठेवून पुढे आणखी सरकू न देणे, हाही एक प्रामाणिक पर्याय आहे. खालचा एखादा दात मिलिमीटरभर ढळला, म्हणून चावण्यात किंवा आरोग्यात बिघाड होतोच असे नाही. आहे त्या स्थितीचा रिटेनर करून घेतला, की काम भागते. हा पर्याय डॉक्टर आपणहून सुचवितीलच, असे नाही, रुग्णाने विचारावा.

घरगुती उपायांच्या बाबतीत मात्र सौम्य बोलून भागणार नाही. दोन दातांमधली फट बंद करण्यासाठी साधे रबर अडकविणे, हा त्यांतला सर्वांत घातक. दात मुळाकडे निमुळता असल्याने रबर हळूहळू वर घसरते, हिरडीखाली शिरते आणि दिसेनासे होते. आत राहून ते हिरडी आणि हाड कापीत जाते. फट बंद झाल्याचा आनंद काही दिवस टिकतो. नंतर दात हलू लागतात आणि धडधाकट दात गमावण्याची वेळ येते. वैद्यकीय नियतकालिकांत अशा प्रकरणांच्या नोंदी अनेक आहेत.

तोंड न तपासता, केवळ साच्यावरून किंवा स्कॅनवरून अलायनर घरपोच देणाऱ्या सेवाही सावधपणेच घ्याव्यात. अमेरिकेत या व्यवसायातली सर्वांत गाजलेली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा असंख्य ग्राहकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. अलायनर हे साधन वाईट नाही. मात्र हिरड्या, मुळे आणि हाड यांची तपासणी आणि एक्स-रे आधी व्हायला हवेत. दंतवैद्य बी.डी.एस. असतोच; दातांची ठेवण सुधारण्याचे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे असते. आपले डॉक्टर त्या विषयातले एम.डी.एस. आहेत का, हे विचारण्यात संकोच नको. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, येथे ऑर्थोडॉन्टिक्सचे विभाग आहेत. तिथे खेपा अधिक घालाव्या लागतात, हे मात्र गृहीत धरावे.

चाळिशीतले सरकणे

तारा काढून वीस-पंचवीस वर्षे झाल्यावर वरचे पुढचे दात अचानक पंख्यासारखे फाकू लागले, मध्ये फटी पडू लागल्या किंवा एखादा दात लांब दिसू लागला, तर त्याला जुन्या तारांचे अपयश समजू नये. हिरड्यांच्या आजाराने आतले हाड झिजले असण्याची शक्यता तिथे अधिक असते. ब्रश करताना रक्त येणे, हिरड्या मागे सरणे, तोंडाला वास येणे, ही त्याची चिन्हे. हा आजार बहुधा दुखत नाही, त्यामुळेच तो वाढत जातो. मधुमेह असणाऱ्यांत आणि तंबाखू किंवा सिगारेटचे व्यसन असणाऱ्यांत तो अधिक आढळतो. अशा वेळी आधी हिरड्यांचे उपचार आणि मगच दातांची ओळ, हा क्रम सोडता येत नाही. आजारी हाडात दात हलविण्याचा प्रयत्न केला, तर उरलेले हाडही जाते. दाढ काढून टाकून ती जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवल्यानेही शेजारचे दात त्या खळग्यात कलतात आणि समोरचा दात खाली उतरतो.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी, परदेशी जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक साधी तजवीज उपयोगी पडते. निघण्यापूर्वी एक जादा रिटेनर करून घ्यावा आणि दातांचा शेवटचा साचा किंवा स्कॅनची फाइल डॉक्टरांकडून मागून घ्यावी. रिटेनर परगावी हरविला, तर त्या फाइलवरून तिथला डॉक्टर नवा करून देऊ शकतो. साचा प्लॅस्टरचा असेल, तर तो घरीच, कापसात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात ठेवावा आणि डब्यावर तारीख लिहावी.